एलईडी माळ थंड असते, पण एवढ्याने ती निर्धोक ठरत नाही

नाताळ जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. एलईडी माळ गरम होत नाही, म्हणून ती नाताळच्या गोठ्यावर (येशूजन्माच्या देखाव्यावर) किंवा झाडावर रात्रभर चालू ठेवावी. काही बिघडलेच तर एमसीबी, म्हणजे घरच्या विजेच्या पेटीतला आपोआप पडणारा खटका, वीज तोडतो. आणि प्लास्टिकचे झाड ‘अग्निरोधक’ असल्याने पेटत नाही, असे त्यात सांगितलेले असते.

पहिल्या दाव्याचा अर्धा भाग खरा आहे. दहा वॅटची एलईडी माळ 230 व्होल्टवर जेमतेम 0.04 अँपिअर वीज ओढते आणि तिचे दिवे हाताला कोमटही लागत नाहीत. परंतु आग दिव्यातूनच लागते असे कुठे आहे? स्वस्त माळांमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो. अनेक एलईडी एकापुढे एक जोडून थेट घरच्या विजेवर चालवलेले असतात, त्यामुळे त्या बारीक वायरीतही सॉकेटइतकाच दाब खेळत असतो. दिव्यांची उघडझाप करणारी डबी उघडून पाहावी: वायर नुसती डाग देऊन चिकटवलेली असते, ओढ बसली तर धरून ठेवणारे आत काहीच नसते. माळ दोनचार वेळा गुंडाळली-सोडली की तो जोड सैल होतो, आणि ठिणगी पडते ती तिथे.

ती ठिणगी कशावर पडते, हा खरा प्रश्न आहे. गोवा आणि वसईकडच्या गोठ्यांत वाळका पेंढा, बर्फ म्हणून पसरलेला कापूस, डोंगरासाठी चुरगळलेला कागद असे सगळे झटकन पेट घेणारे सामान असते. नाचणी पेरून उगवलेले हिरवे गवत ओले असते तोवर बरे, पण गोठा 6 जानेवारीपर्यंत ठेवायचा तर पाणी तुटताच तेही वाळते. शिवाय रात्रभर माळ चालू ठेवण्याचा सल्ला 24 डिसेंबरला पाळला, तर मध्यरात्रीच्या मिस्सेला सगळे चर्चमध्ये असताना रिकाम्या घरात माळ तेवढी चालू राहते. बाहेर पडताना आणि निजताना बटण बंद करावे. गोठ्यात मेणबत्ती तर लावूच नये.

एमसीबीचा दावा अधिक फसवा आहे. तो जादा भार आणि शॉर्टसर्किट यांवर तुटतो. 6 अँपिअरच्या एमसीबीला सुमारे 1,380 वॅटपर्यंत हरकत नसते, आणि सैल जोडातली ठिणगी त्याच्या खिजगणतीतही नसते. दवाने भिजलेल्या अंगणात टांगलेल्या नाताळच्या ताऱ्याच्या (चांदणीच्या आकाराच्या कंदिलाच्या) वायरीला हात लागून धक्का बसला, तरी एमसीबी सहसा जागचा हलत नाही. त्यासाठी विजेची गळती ओळखून ती तोडणारा खटका, म्हणजे 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो, आणि ठिणगी तर त्यालाही ओळखता येत नाही. माळेला माळ जोडल्याने भार फार वाढतो ही भीती मात्र एलईडीच्या बाबतीत थोडी अतिशयोक्त आहे. त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर केकचा ओव्हन लावणे जास्त धोक्याचे.

झाडाचे थोडक्यात सांगता येईल. ‘अग्निरोधक’ म्हणजे उशिरा पेटणारे, न पेटणारे नव्हे. पीव्हीसीची पाने जळू लागली की हायड्रोजन क्लोराइड हा घसा आणि फुप्फुसे जाळणारा वायू निघतो.

माळ घेताना खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधावा, आणि अंगणासाठी निदान आयपी 44 दर्जाचीच (पाण्याचे शिंतोडे सोसणारी) माळ घ्यावी.