विम्याच्या हप्त्यातले किती पैसे शिफारस करणाऱ्याला जातात, हे पॉलिसीवर छापा

नागपुरात वर्धा रोडवरच्या किंवा कामठी रोडवरच्या शोरूममधून नवी गाडी घेणाऱ्याला विम्याचा हप्ता कोटेशनमधल्या एका ओळीत दिसतो. त्या रकमेतला किती भाग विमा कंपनीकडून शोरूमकडे परत येतो हे त्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही, कारण त्याचे सारे लक्ष गाडीच्या रंगाकडे आणि डिलिव्हरीच्या मुहूर्ताकडे असते.

करसल्लागार म्हणून व्यापाऱ्यांची पुस्तके तपासताना ही परत येणारी रक्कम मला दिसते, मात्र कमिशनच्या खात्यात ती पूर्ण क्वचितच सापडते. एका वाहनविक्रेत्याच्या वहीत ती ‘जाहिरात व प्रदर्शन साहाय्य’ या नावाने जमा होती. शोरूममध्ये बॅनर लावला आणि टेबलापुरती जागा दिली, असे बिलावर लिहिलेले होते. बॅनर तोच, टेबल तेच, तरी दसरा-दिवाळीच्या महिन्यात त्या जागेचे भाडे भरघोस वाढत होते आणि पितृपक्षात कोसळत होते. ते भाडे निघालेल्या पॉलिसींच्या संख्येवर हलत होते, हे ओळखायला लेखापरीक्षक असावे लागत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४० सांगते की विमा मिळवून दिल्याबद्दल मोबदला केवळ एजंटला किंवा नोंदणीकृत मध्यस्थालाच देता येतो. वाहनविक्रेते या चौकटीत यावेत म्हणून विमा नियामकाने २०१७ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर दुचाकीसाठी २२.५ टक्के व इतर वाहनांसाठी १९.५ टक्के अशी मोबदल्याची कमाल मर्यादा घातली. म्हणजे या भागाचा हप्ता १२,००० रुपये असेल, तर कारविक्रेत्याला जास्तीत जास्त २,३४० रुपये. ही मर्यादा कागदावर पाळली गेली आणि वरचे पैसे जाहिरात, मनुष्यबळ, प्रशिक्षण अशा नावांच्या बिलांतून फिरू लागले. अशाच बिलांवर घेतलेल्या इनपुट क्रेडिटमुळे (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीमुळे) पुढे जीएसटीच्या तपासयंत्रणेने अनेक विमा कंपन्यांना नोटिसा पाठवल्या.

नियामकाने १ एप्रिल २०२३ पासून उत्पादनवार मर्यादा काढून टाकल्या आणि कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चावर छत घातले. सर्वसाधारण विमा कंपन्यांना हप्ता-उत्पन्नाच्या ३० टक्के, फक्त आरोग्यविमा विकणाऱ्यांना ३५ टक्के. कंपनीने या छताखाली कोणाला किती द्यायचे ते तिचे संचालक मंडळ ठरवते. यामुळे खोट्या बिलांची गरज कमी झाली हे मान्य केले पाहिजे, पण हप्ता भरणारा होता तिथेच राहिला. पूर्वी त्याच्यापासून लपवलेली रक्कम आता उजळ माथ्याने दिली जाते, एवढाच त्याच्यापुरता फरक.

म्युच्युअल फंडांत हे कोडे केव्हाच सुटले आहे. सेबी या भांडवल बाजाराच्या नियामकाने ऑगस्ट २००९ मध्ये एंट्री लोड, म्हणजे गुंतवणूक करतानाच कापले जाणारे शुल्क, बंद केला आणि २०१६ पासून गुंतवणूकदाराच्या सहामाही विवरणात वितरकाला प्रत्यक्ष दिलेले कमिशन रुपयांत छापणे बंधनकारक केले. मोटार पॉलिसीवर मात्र मध्यस्थाचे नाव आणि कोड असतो, रक्कम नसते. मर्यादा किती ठेवायची यावर वर्षानुवर्षे काथ्याकूट करण्यापेक्षा, या पॉलिसीपोटी कोणाला एकूण किती रुपये मिळाले आणि त्यात जाहिरात वगैरे नावाने किती गेले, ही एक ओळ हप्त्याच्या पावतीवर सक्तीने छापावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

याला पहिला विरोध प्रामाणिक एजंटांकडून होईल, आणि त्यांची भीती अगदीच निराधार नाही. आकडा दिसला की ग्राहक त्यात वाटा मागणार. पण कलम ४१ नुसार कमिशनमधून ग्राहकाला सूट देणे आणि ग्राहकाने ती घेणे, दोन्ही निषिद्ध आहे आणि दंड दहा लाखांपर्यंत आहे. (ग्राहकाला त्याच्याच पैशातले दोनशे रुपये परत केले तर कायदा मोडतो आणि त्याच्या नकळत तिसऱ्याला दोन हजार दिले तर मोडत नाही, ही विसंगती कोणाला खटकत कशी नाही, हे मला अद्याप उमगलेले नाही.) शिवाय महाल-इतवारीत वर्षानुवर्षे नूतनीकरणाची आठवण करून देणारा आणि अपघातानंतर नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरच्या मागे धावणारा एजंट आपल्या रकमेचे समर्थन सहज करू शकेल. अडचण होईल ती चावी हातात दिल्यानंतर फोन न उचलणाऱ्याची.

उरतात ते ग्राहकाचे नुसते नाव आणि नंबर पुढे पाठवणारे. यात कर्जाचे दलाल येतात, दवाखान्याच्या काउंटरवरचे लोक येतात आणि माझ्याच व्यवसायातले काही बंधूही येतात. ‘नंबर पाठवा, पॉलिसी निघाली की तुमचं बघून घेऊ,’ हे वाक्य मलाही ऐकवले जाते. ज्यांना हा उद्योग करायचाच आहे, त्यांच्यासाठी २०१५ पासून पॉइंट ऑफ सेल्स पर्सन, म्हणजे साध्या पॉलिसी विकणारा नोंदणीकृत विक्रेता, हा अधिकृत मार्ग खुला आहे. दहावी उत्तीर्ण असणे, पंधरा तासांचे प्रशिक्षण आणि एक परीक्षा, एवढ्यावर नोंदणी होते. तेवढेही न करता रोखीत पैसे घेणाऱ्यांवर आणि ते देणाऱ्यांवर कलम ४० खाली कारवाई झालीच पाहिजे, आणि त्यातही आधी देणाऱ्या कंपनीवर, कारण तिची पुस्तके तपासणे नियामकाच्या हातात आहे.