सासूबाईंची ना हरकत

आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरातून भाजणी आणि मेतकूट बाहेर जातं, इतकाच माझा धंदा. पण एका मोठ्या दुकानदाराने चव घेऊन, बोटं चाटून सांगितलं, "माल फक्कड आहे, पण आम्ही कंपनीकडूनच घेतो."

सीए म्हणाले, "वहिनी, प्रायव्हेट लिमिटेड करून टाका. धंदा बुडाला तरी शेअरमध्ये घातलेत तेवढेच पैसे जातील. घर, दागिने सेफ." पूर्वी किमान एक लाखाचं भांडवल लागायचं, ती अट २०१५ साली गेली म्हणे. आता लागतात निदान दोन संचालक आणि दोन भागधारक. मी आणि हे. झाली की कंपनी!

नावापासूनच शिंकलं. मी हौसेने सुचवलेली दोन्ही नावं आधीच्या कुठल्यातरी कंपन्यांशी मिळतीजुळती निघाली. शेवटी मुलांच्या नावांतली अक्षरं जोडली. ते मंजूर झालं, पण ऐकणाऱ्याला खोकल्याचं औषध वाटतं.

मग डिजिटल सही. मोबाइलसमोर बसून स्वतःचं नाव सांगायचं. ह्यांनी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा मागून कुकरची शिट्टी. आता आमच्या सह्या पेनड्राइव्हसारख्या दोन टोकनमध्ये असतात आणि ती टोकनं चहाच्या जुन्या डब्यात.

खरी मेख पुढे होती. नोंदणीकृत कार्यालय म्हणजे आमचंच घर, आणि घर सासूबाईंच्या नावावर. लाइटबिलही त्यांच्याच नावाचं, तेही दोन महिन्यांच्या आतलं हवं. शिवाय मालकिणीचं ना हरकत प्रमाणपत्र.

सासूबाईंचं ना हरकत! लग्नाला बावीस वर्षं झाली. माझ्या पोळ्यांच्या जाडीपासून पडद्याच्या रंगापर्यंत ह्या बाईंनी एकही गोष्ट हरकतीशिवाय जाऊ दिलेली नाही. त्यांनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला, "'सदर'च्या आधी स्वल्पविराम हवा" म्हणाल्या आणि सही केली. सीएंना एक प्रत पुरली असती. मी पाच झेरॉक्स काढल्या.

कंपनी जन्मली, पण लगेच एक किलो भाजणी विकायचीही सोय नाही. आधी शेअरचे पैसे कंपनीच्या खात्यात भरा, मग १८० दिवसांच्या आत तसं जाहीर करा, मगच धंदा. तीस दिवसांत संचालक मंडळाची पहिली सभा, तिची नोटीस सात दिवस आधी. ज्या माणसाला मी नुसतं "अहो, ऐकलंत का" म्हणते, त्याच्या हातात लेखी नोटीस दिली. "विषय काय?" म्हणाले. नोटिशीत लिहिलाय, म्हटलं. सभा जेवणाच्या टेबलावर झाली. इतिवृत्तात वरणात मीठ कमी पडल्याचा उल्लेख मी येऊ दिला नाही.

मग चक्कीसाठी कर्ज काढायला बँकेत गेलो. साहेबांनी फाइल चाळली. "दोन्ही संचालकांची वैयक्तिक हमी लागेल. आणि घर तारण."

"अहो, पण लिमिटेड आहे ना आमची?"

"कंपनी लिमिटेड आहे. तुम्ही नाही."

घरी येऊन कागद सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचला. स्वल्पविराम सगळे जागच्या जागी होते.

"ह्याला," त्या म्हणाल्या, "माझी हरकत आहे."