ब्रॅम्प्टनला चालतं, मग बारामतीला का नाही?

पहिलीपासून हिंदीचा जीआर २०२५ च्या एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये त्यातली शब्दरचना बदलली आणि २९ जूनला तो मागेच घेतला गेला. टोरांटोजवळ बसून मी हा सगळा गोंधळ पाहत होतो. चॅनेलवर तेच चार प्रवक्ते, फॅमिली ग्रुपवर मामांचे फॉरवर्ड. ज्यांना पहिलीच्या वर्गात हे शिकवावं लागणार होतं, त्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाई काय म्हणतात ते मात्र कानावर आलं नाही. रेडिओवर फोन लावून असल्या विषयावर बोलायची सोय आपल्याकडे आहेच कुठे?

इथे कॅनडातही सरकारं तोंडघशी पडतात. ऑन्टारियो या आमच्या प्रांताच्या सरकारने २०२२ मध्ये टोरांटोभोवतीच्या राखीव ग्रीनबेल्टमधली सुमारे ७,४०० एकर जमीन घरबांधणीसाठी मोकळी केली. जमीनमालकांचा यात ८ अब्ज डॉलरहून जास्त फायदा होऊ शकतो, असं ऑडिटर जनरलने दाखवून दिलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये प्रीमियर (म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री) डग फोर्ड यांनी माफी मागून निर्णय फिरवला. रेडिओने फिरवला असं मी म्हणणार नाही. पण सीबीसी या सार्वजनिक रेडिओवर दुपारी फोन-इन, म्हणजे श्रोत्यांनी फोन करून बोलायचा कार्यक्रम लागतो, तिथे असल्या विषयावर शेतकरीही बोलतो आणि प्लंबरही.

खरी मजा टोरांटोशेजारच्या ब्रॅम्प्टन शहरातल्या पंजाबी रेडिओवर. इथल्या गाडीच्या विम्याचे दर प्रांतात सर्वांत चढे, हप्ता पोस्टल कोड पाहून ठरतो आणि दरांना मंजुरी प्रांतिक नियामकाची. मग ट्रकवाले, टॅक्सीवाले फोन लावतात. ‘पाजी, आधी तुमचा रेडिओ बारीक करा’ असं निवेदक दटावतो आणि मग आमदाराला थेट प्रश्न! हीच भाषा, हाच विषय लुधियानाच्या एफएमवर चालणार नाही. भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरच्या चर्चा वर्ज्य. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवा. आकाशवाणीवर डॉक्टरांना, कृषितज्ज्ञांना फोन लागतो. पालकमंत्र्यांना कोण लावून देणार? आणि ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय.

इथला टॉक रेडिओ काही धुतल्या तांदळाचा नाही. रॉब फोर्ड टोरांटोचे महापौर आणि डग नगरसेवक असताना दोघे भाऊ न्यूजटॉक १०१० या रेडिओ स्टेशनवर स्वतःच कार्यक्रम करायचे, म्हणजे ज्यांनी उत्तर द्यायचं तेच माइकवर. घरभाडं वाढलं की ‘हे बाहेरचे विद्यार्थी’ म्हणणारा कॉलर हमखास येतो, आणि ते ऐकताना मलाही आपलं आडनाव आठवतं.

तरीही मला हे परवडतं. त्या कॉलरला पुढचा कॉलर झापतो, आमच्या ग्रुपवर मामांना कोण झापणार? रेडिओवर बातम्या आल्या तर दंगे पेटतील, अशी आपल्याकडे भीती घातली जाते. दिवसभर किंचाळणाऱ्या चॅनेलांना परवाना देताना ही भीती कुठे गेली होती?