मशीनमध्ये बसणाऱ्याला कुणी विचारतंय का?

डिसेंबरात बंगळुरूच्या एक्सकॉनला, म्हणजे बांधकामाच्या मशिनींच्या प्रदर्शनाला, जाऊन आलो. 2025 चं प्रदर्शन, 9 ते 13 डिसेंबर. जाताना आमच्या जेसीबीवरचे ऑपरेटर तात्या यांना सोबत नेलं होतं. ही पोस्ट त्यांच्यामुळेच लिहितोय.

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली आणि सकाळी यशवंतपूरला उतरलो. तिथून मेट्रोची हिरवी लाइन आता थेट मादावरपर्यंत जाते. नोव्हेंबर 2024 पर्यंत ती नागसंद्रलाच संपायची. स्टेशनाबाहेर पडलं की तुमकूर रोडला लागूनच प्रदर्शनाचं मैदान.

मैदान बघून डोळे फिरतात. क्रेन, रोलर, ग्रेडर, क्रशर, आभाळात हात वर करून उभे असलेले काँक्रीट पंप, आणि पोकलेन तर मोजायच्या पलीकडे. आमच्याकडे चाकांऐवजी चेनवर चालणारी खोदाईची मशीन कुठल्याही कंपनीची असो, ती पोकलेनच. मूळ ही पोक्लेन नावाची फ्रेंच कंपनी. एल अँड टीनं तिच्या तंत्रज्ञानावर भारतात मशिनी बनवल्या आणि नाव खेडोपाडी रुजलं. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे बावीस वर्षं मी फ्रेंच बोलतोय की!"

एका मोठ्या स्टॉलवर आम्ही बॅकहो लोडर, म्हणजे लोक जिला सरसकट जेसीबी म्हणतात ती मशीन, बघत होतो. विक्रीचा तरुण माझ्याशी बोलत होता: तासाला डिझेल किती, बकेट केवढी, कर्ज किती मिळेल, हप्ता किती बसेल. तेवढ्या वेळात तात्या केबिनमध्ये चढले. सीट पुढून मागे फिरवून बघितली. मागच्या बकेटचे दात बसल्या जागेवरून दिसतात का, ते मान वाकडी करून पाहिलं. खाली उतरून ग्रीसचे पॉइंट शोधले. रोज सकाळी मशीनखाली आडवं न पडता हात पोचतो का, हे त्यांना बघायचं होतं. मग त्यांनी विचारलं, "साहेब, इंजिनची गरमी केबिनमध्ये किती येते?" त्या तरुणानं उत्तर मला दिलं. तात्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याला मी दोष देत नाही. पैसे मी मोजणार, हे त्याला ठाऊक. आणि आम्ही मालक लोकही तसेच वागतो. एप्रिलमध्ये जत भागात पारा चाळिशीपार जातो. समोर इंजिन, काचेतून ऊन, वर धुळीसाठी सगळ्या खिडक्या बंद. त्यात माणूस दहा तास बसतो, आणि आम्ही पैसे वाचवायला बिनएसीची केबिन घेतो. माझीही पहिली मशीन तशीच होती. तात्यांनी सात उन्हाळे तीच चालवली, कधी तक्रार केली नाही. ते मला फार लागतं.

सुरक्षेचंही तेच. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतला एक पोरगा शेततळ्याच्या बांधावर काम करत होता. माती खचली, मशीन कलली. त्यानं बाहेर उडी मारली आणि तीच मशीन त्याच्या अंगावर आली. या प्रदर्शनात जवळजवळ प्रत्येक केबिनवर लिहिलेलं होतं की मशीन उलटली तरी सांगाडा चेपणार नाही. बरोबर आहे, पण त्याचा उपयोग माणूस आत असला आणि सीटचा पट्टा बांधलेला असला तरच. त्या पोराला हे कुणी सांगितलं होतं? मशीन देताना किल्ली मालकाच्या हातात देऊन फोटो काढतात. पट्ट्याची गोष्ट माहितीपुस्तकात राहते, आणि ते पुस्तक इंग्रजीत.

1 जानेवारी 2025 पासून चाकांवर चालणाऱ्या नव्या मशिनींना धुराच्या प्रदूषणाच्या सरकारी नियमांचा पाचवा टप्पा लागू झालाय. त्यामुळे बऱ्याच इंजिनांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आलाय. साठलेली काजळी मशीन अधूनमधून स्वतःच जाळते. तेवढा वेळ इंजिन चालू ठेवावं लागतं. ऑपरेटरनं समोर लागलेला त्याचा दिवा बघून घाबरून किंवा घाईत किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, असं वारंवार झालं, की फिल्टर तुंबतो, इंजिनची ताकद कमी होते, काम थांबतं. बॅरलमधलं भेसळीचं डिझेल तर आता अजिबात चालत नाही. मग खर्च आला की मालक ऑपरेटरवर ओरडणार. पण त्या दिव्याचा अर्थ त्याला मराठीत समजावून कधी सांगितला?

माझं म्हणणं कंपन्यांनाही आहे आणि मालकांनाही. प्रदर्शनात एक दिवस तरी ऑपरेटरांचा असावा. ज्याच्या त्याच्या भाषेत माणूस समोर बसून नवी मशीन समजावून सांगेल, आणि सीट, लिव्हर, आरसे, ग्रीस यावर त्यांचं म्हणणं लिहून घेईल. आणि आपण मालकांनी जाताना स्वतःच्या तिकिटाबरोबर ऑपरेटरचंही काढावं. त्या दिवसाची हजेरी कापू नये.

परतीच्या गाडीत तात्यांना विचारलं, कुठली घ्यायची? मला जिचा हप्ता परवडत होता, ती त्यांनी एका वाक्यात बाद केली: "मागची काच उघडली की खांब आडवा येतो, खड्ड्यातला हेल्पर दिसत नाही." मी ते स्टॉलवर अर्धा तास उभा राहूनही बघितलं नव्हतं. बुकिंग दुसऱ्या मशीनचं केलंय, एसी केबिनसकट.