टायमिंग कानाने सेट करू नका, प्लीज

"जुन्या गाडीला टायमिंग लाईट लागत नाही, इंजिन चालू ठेवा, डिस्ट्रिब्युटर फिरवत राहा, जिथे आरपीएम सगळ्यात जास्त तिथे बोल्ट टाईट करा, नॉकिंग नाही म्हणजे टायमिंग बरोबर." हा मेसेज सगळीकडे फिरतोय आणि त्यामुळे चांगली इंजिनं वाया जाऊ शकतात, म्हणून मुद्द्यांनुसार लिहितोय. टायमिंग म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती आधी स्पार्क पडतो ते, डिग्रीत मोजतात. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक सिलेंडरला वेळेवर स्पार्क वाटणारा भाग, तो फिरवला की टायमिंग बदलतं, आणि टायमिंग लाईट म्हणजे ते चालू इंजिनावर बघायचा दिवा.

जास्त आरपीएम म्हणजे बरोबर टायमिंग, हे सगळ्यात चुकीचं. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद असतो, सिलेंडरमध्ये मिक्श्चर कमी आणि आधीचा जळलेला गॅस जास्त, त्यामुळे ते हळू जळतं आणि स्पार्क जितका लवकर द्याल तितकी रेस वाढत जाते, पण डिस्ट्रिब्युटरमध्ये वेट आणि स्प्रिंग असतात ना, आरपीएम वाढला की ते आपला ॲडव्हान्स (म्हणजे स्पार्क आणखी लवकर) त्याच्यावर चढवतात. समजा मॅन्युअलमध्ये १० डिग्री दिलंय आणि वेटचे २४, टोटल ३४. तुम्ही कानाने २० वर नेलंत की टोटल थेट ४४. आयडलिंगला इंजिन मस्त वाटणार आणि चढावर लोड आला की पिस्टन मार खाणार.

आता नॉकिंग, म्हणजे मिक्श्चर आपोआप भडकून येणारा ठोक्यांचा आवाज. हळू चालताना येतं ते ऐकू येतं, मान्य. पण हाय आरपीएमला फुल लोडवर होणारं नॉकिंग इंजिन, गिअर आणि वाऱ्याच्या आवाजात दबून जातं, आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं, हेड गॅस्केट जाते, रिंगच्या जागा तुटतात, पिस्टनला भोकसुद्धा पडतं.

मग काही जण म्हणतात डाऊट असेल तर रिटार्ड (म्हणजे स्पार्क उशिरा) ठेवा, सेफ असतं. नाही हो! उशिरा पेटलेलं मिक्श्चर एक्झॉस्ट उघडेपर्यंत जळत राहतं, मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात, इंजिन हीट होतं, पॉवर जाते आणि पेट्रोल जास्त लागतं ते वेगळंच.

"आजच्या पेट्रोलमुळे मॅन्युअलचा आकडा बाद" हे अर्धंच खरं आहे. कमी कॉम्प्रेशनच्या खूप जुन्या इंजिनाला आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन (नॉकिंग रोखायची ताकद) पुरून उरतो. हाय ऑक्टेनसाठी बनवलेल्या हाय कॉम्प्रेशन इंजिनाला एखाद-दोन डिग्री मागे घ्यावं लागू शकतं, पण मागे घ्यायचं कुठून, तर त्या आकड्यापासूनच ना?

आणि मेसेजमध्ये पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधला उघडझाप करणारा स्विच, तो उघडला की स्पार्क पडतो) उल्लेखच नाही, याचा मला खरंच राग येतो. पॉइंटचा गॅप वाढला की टायमिंग ॲडव्हान्स होतं, हील (पॉइंटचा कॅमवर घासणारा भाग) झिजून गॅप कमी झाला की रिटार्ड, म्हणजे आधी फिलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) गॅप आणि मगच टायमिंग. उलटं केलंत तर सगळं परत करावं लागतं.

लाईट नसेल तर साधा १२ व्होल्टचा बल्ब चालतो (गाडी ६ व्होल्टची असेल तर ६चा), जुन्या मॅन्युअलमध्येच ही पद्धत असते. एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरी अर्थला. एक नंबर सिलेंडर कॉम्प्रेशनवर घेऊन इंजिन हाताने, चालतं त्याच दिशेने, पुलीच्या मार्कवर आणा, इग्निशन ऑन करा आणि डिस्ट्रिब्युटर रोटरच्या (त्याच्या आत फिरणारा भाग) उलट दिशेने हळू फिरवा, बल्ब लागला त्या क्षणी पॉइंट उघडले, तिथेच टाईट करा. काम झालं की इग्निशन लगेच ऑफ करा, पॉइंट बंद राहिले तर कॉइल तापते.

पुढे कधी लाईट मिळाली तर डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्युमचा पाईप काढून, बूच लावून, रेस हळूहळू वाढवून बघा. मार्क सलग पुढे सरकला पाहिजे आणि रेस सोडल्यावर जागेवर आला पाहिजे. अडकत असेल किंवा नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटर उघडून वेट, स्प्रिंग आणि शाफ्टचा प्ले बघा, नुसतं फिरवून ते सुटणार नाही.