‘मा’ म्हणजे आई? मग गीतेतल्या ‘मा’चं काय करायचं?

मे महिन्याचा दुसरा रविवार जवळ आला की सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, तळजाईवर फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. (आपला मातृदिन पिठोरी अमावास्येला असतो, तेव्हा सगळं शांत. असो.) मेसेज असा: ‘मा’ हा एकच शब्द जगातल्या प्रत्येक भाषेत आईसाठी आहे, कारण सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या, बाळ पहिला शब्द ‘मा’च उच्चारतं, ही निसर्गाची योजना, आणि गायसुद्धा ‘मा’ म्हणूनच हंबरते. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’.

आईबद्दल वाद नाही. भाषेबद्दल आहे.

आधी ‘प्रत्येक भाषेत’ हे घेऊ. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील, आणि आई म्हणजे ‘देदा’. तिबलिसीच्या टेकडीवर १९५८ साली उभारलेल्या भल्यामोठ्या पुतळ्याचं नावच ‘कार्तलिस देदा’, म्हणजे जॉर्जियाची आई. पुण्यातून एमबीबीएसला तिकडे गेलेलं कुणी ओळखीत असेल तर विचारून घ्या. आपल्याकडे मामा हा आईचा भाऊ. जपानीत स्वतःच्या आईला ‘हाहा’ म्हणतात. तिथल्या पोरांच्या तोंडी हल्ली ‘मामा’ही असतं, पण ते पाश्चात्त्यांकडून आलेलं.

नुसता ‘मा’ घेतला तर आणखी गंमत. इटालियनमध्ये ‘मा’ म्हणजे ‘पण’. हंगेरियनमध्ये ‘आज’. अरबीत ‘काय’, आणि वाक्यात जागा बदलली की ‘नाही’. फ्रेंचमध्ये ‘माझी’: ‘मा मेर’ म्हणजे माझी आई, पण त्यातली आई ‘मेर’मध्ये आहे, ‘मा’ नुसतं सर्वनाम. चिनीत तर सगळा खेळ सुराचा. उंच सपाट सुरात ‘मा’ म्हणजे आई, चढत्या सुरात तागासारखं धाग्याचं झाड, खाली जाऊन वर आला तर घोडा, आणि झटक्यात उतरला तर शिव्या देणं. सूर चुकला की आईचा घोडा होतो.

आता संस्कृत. मेसेज लिहिणाऱ्याला ज्या भाषेचा अभिमान आहे, तिच्यात तरी त्याने डोकवायला हवं होतं. संस्कृतात आई म्हणजे ‘मातृ’, प्रथमेत ‘माता’. सुटा ‘मा’ आला की त्याचा नेहमीचा अर्थ ‘नको’. पुरावा घरोघरी पाठ आहे: ‘कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन। मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि॥’ एका श्लोकात तीनदा ‘मा’, आणि तिन्ही वेळा नकार. तिथे आई घालून अर्थ लावून दाखवावा, माझं खुलं आव्हान आहे.

हा ‘मा’ व्याकरणातही आपला हिसका दाखवतो. ‘अभूः’ म्हणजे ‘तू झालास’. त्यात भूतकाळ दाखवणारा ‘अ’ पुढे लागलेला आहे. ‘मा’ जोडीला आला की हा ‘अ’ गळतो, असा पाणिनीचा नियम आहे: ‘न माङ्योगे’. म्हणून श्लोकात ‘मा … भूः’ आहे, ‘अभूः’ नाही.

‘पण मा हा धातू आहे ना?’ आहे. त्याचा अर्थ मोजणे. मात्रा, परिमाण, माप त्याच घरातले. ‘डब्यात मावत नाही’ म्हणतो त्यातलं मावणंही तिथलंच. शिवाय कोशांत ‘मा’ म्हणजे लक्ष्मी, आणि तिचा धव, म्हणजे पती, तो माधव. मेसेजचा अर्थ धरला तर पुण्यातला प्रत्येक माधव ‘आईचा नवरा’ ठरेल.

‘सगळ्या भाषा संस्कृतातून’ याला फार वेळ द्यायला नको. तेलुगू, कन्नड, चिनी, अरबी, हंगेरियन, जॉर्जियन या भाषांचं कुळच वेगळं. संस्कृत मातृ, लॅटिन मातेर, फारसी मादर, इंग्रजी मदर ही मात्र खरी भावंडं. भावंडं, आई आणि लेकरं नव्हेत. संस्कृत शिकलेला इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स याने १७८६ साली कलकत्त्यात सांगितलं तेही हेच, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन अशा एका मूळ भाषेतून आल्या असाव्यात, जी आता कदाचित उरलेलीही नाही. आणि हे नातं ‘मा’ ऐकू येतो म्हणून ठरलं नाही. पितृ-पातेर-फादर, भ्रातृ-फ्रातेर-ब्रदर असे ध्वनी शब्दामागून शब्दात ठरावीक रीतीने बदलताना दिसतात, म्हणून ठरलं. मातेपासून प्राकृतातल्या ‘माआ’वरून आपली ‘माय’ आली, तीही अशाच वाटेने. गंमत म्हणजे ‘नको’वाल्या ‘मा’लाही ग्रीकमध्ये सख्खा भाऊ आहे, ‘मे’, आणि अर्थही तोच. अभिमानच मिरवायचा तर हा मिरवा.

राहिलं बाळ. इथे मेसेज सत्याच्या जरा जवळ जातो, कारण आईसाठीच्या शब्दांत ‘म’ बऱ्याच भाषांत सापडतो. पण त्याचं कारण ओठांत आहे. रोमान जेकबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६०च्या सुमारास ते मांडलं: दूध पिताना तोंड भरलेलं असतं, तेव्हा नाकातून जो हुंकार निघतो तो ‘म’सारखा, पुढे भूक लागली की बाळ तोच काढतं. अर्थ त्याला आपण चिकटवतो. मराठी घरात तेच ‘मम्मं’ म्हणजे जेवण. ‘पापा’ हा इंग्रजीत बाप, मराठीत गालावर घ्यायचा. आणि ‘बाबा’ आधी म्हटलं म्हणून वर्षभर मिरवणारे बाप तर प्रत्येक सोसायटीत आहेत. जॉर्जियातली बाळंही ‘मामा’ म्हणतातच, फक्त तिथे वळून बघतो तो बाप.

गायीचं एका वाक्यात आटपतो. गोठ्यात जी हंबरून हाका मारत असते ती बहुतेक वेळा गाय, वासरासाठी. म्हणजे मेसेजच्या हिशेबाने आईच लेकराला ‘आई’ म्हणते आहे.