पायाखाली पाट हवा, वेगळी शाळा नव्हे

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'दिव्यांग मुलांची थेरपी दवाखान्यात होते, वर्गात नाही. त्यांना साध्या शाळेत घातलं की बाकीच्यांचा अभ्यास बुडतो. त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत.' मी व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे, शाळांमध्ये जाऊन काम करते. हा मेसेज वाचून एखादी आई मुलाचं नाव काढून घेईल, ही मला भीती आहे.

थेरपी दवाखान्यातच होते? व्यवसायोपचारातला 'व्यवसाय' म्हणजे माणसाचं रोजचं काम, आणि मुलाचं रोजचं काम शाळेत असतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचाल आणि तोल सांभाळणं अवघड जाणं) असलेला दुसरीतला एक मुलगा दवाखान्यात माझ्यासमोर नीट लिहायचा, वर्गात मात्र दोन ओळींत दमायचा. जाऊन पाहिलं तर बाक उंच, पाय लोंबकळत. पाय टेकले नाहीत की धड डळमळतं. तोल सावरायला तो एका हाताने बाक धरून बसे, म्हणून वही सरके. दवाखान्यातल्या खुर्चीत हे मला कधीच कळलं नसतं. आईने घरून जेवायचा पाट आणला, तो पायाखाली ठेवला. वही चिकटपट्टीने बाकाला चिकटवली. त्या दिवशी त्याने पाच ओळी लिहिल्या.

बाकीच्यांचा अभ्यास? तो पाट रोज सरळ करून ठेवायचं काम शेजारच्या मुलाने आपणहून घेतलं. त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. बाईंवरचा भार मात्र खरा आहे, ते मी नाकारत नाही. भरलेल्या वर्गात एकट्या बाईंनी सगळं करावं, हा अन्याय आहे. पण त्याची शिक्षा मुलाला का? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक शाळेत दर १० दिव्यांग मुलांमागे आणि पुढच्या वर्गांत दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं म्हटलंय. पालकांनी एकत्र येऊन तो शिक्षक मागावा.

राहिल्या वेगळ्या शाळा. काही मुलांना त्यांची गरज असते, तिथे जीव ओतून शिकवणारी माणसं मी पाहिली आहेत. पण निवड मुलाची आणि घरच्यांची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो, गरजेप्रमाणे सोयही करायची असते. कोणी नकार दिलाच, तर तो लेखी मागा.